भरतीच्या सकाळची केळी

बायकोसाठी केळं सोललं, की त्या वासाने मला देवळालीच्या लष्करी छावणीचं फाटक आठवतं. पंच्याहत्तर-शहात्तर साल असेल. नाशकातली कारकुनी सांभाळून वर्षातला महिनाभर फौजेत, म्हणजे नोकरदारांना घेणाऱ्या प्रादेशिक सेनेत, जायचं मी ठरवलं होतं. ते कळल्यापासून सुमन माझ्याशी बोलत नव्हती. तरी भरतीच्या सकाळी सोबत आली. माझं वजन किलोभर कमी पडत होतं. फाटकापाशी तिने पिशवीतून डझनभर केळी काढली आणि एकेक सोलून हातात देत म्हणाली, "खा मुकाट्याने. त्यांनी भरती करून घेतलं नाही, तर तोंड पाडून घरी याल. मला नाही बघवणार."

आता डॉक्टरांनी तिला वजन वाढवायला सांगितलंय. ती मान फिरवते. "खा मुकाट्याने," मी म्हणतो. पुढचं मात्र माझ्याच्याने म्हणवत नाही.