न निवडलेली भाजी

जपानातल्या डोंगराळ ताकायामा गावात, जुन्या पेठेमागून नदीकडे उतरणाऱ्या बोळात उशिमारूंची खाणावळ होती. पुढे बसायला एक लांब फळी, मागे चटया अंथरलेली खोली, एवढाच पसारा. तरी डोंगर बघायला आलेली माणसं पत्ता विचारत तिथवर येत. रानचाफ्याच्या वाळलेल्या पानावर मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा खारट लगदा, पसरून ते पान निखाऱ्यावर ठेवलं, की कडा करपल्याचा वास बोळाच्या तोंडापर्यंत जाई. मग पत्ता विचारायचीही गरज उरत नसे. आंबवलेल्या लाल सलगमावर अंडं फोडून तव्यावर परतलेलं, गवताच्या काडात बांधून शिजवलेलं सोयाबीनच्या दुधाचं तोफू, आणि वसंतात रानभाज्या. रानभाज्यांसाठी काही जण दरवर्षी नेमानं येत.

खाणावळ तामोत्सू उशिमारूची. चूल तो सांभाळायचा, गिऱ्हाइकांना हसवायचाही तोच. त्याची बायको किनुयो पलीकडच्या खोऱ्यातून लग्न होऊन आलेली, कमी बोलणारी. मोरीपासून लोणच्याच्या पिंपापर्यंतची सगळी कामं तिच्याकडे. आणि रान होतं तोकीच्या ताब्यात.

तोकी ही तामोत्सूची थोरली बहीण. आई गेली तेव्हा तामोत्सू रांगत होता. तोकीनं त्याला पाठीशी बांधून वाढवलं, आणि त्यातच तिच्या लग्नाचं वय निघून गेलं. त्याबद्दल तिनं कधी हूं की चूं केलं नाही. जिभेची धार मात्र भावजयीवर चाले.

"तुमच्या गावात मीठ फुकट मिळायचं वाटतं?" लोणचं चाखून ती विचारायची.

"नाही वन्सं, पुढच्या खेपेला कमी घालते."

"पुढच्या खेपेपर्यंत मी जगले तर!"

फळीवर बसलेली गिऱ्हाइकं हसत. किनुयोही खाली बघून हसायची. पहिली काही वर्षं तिनं मोरीत तोंड धुण्याच्या निमित्तानं रडून घेतलं होतं. पुढे सवय झाली. सवयीच्या मागोमाग मायाही आली. कधी आली ते दोघींनाही सांगता आलं नसतं.

तोकी म्हातारी होत गेली तशी तिच्या डोळ्यांत सायीसारखं काहीतरी जमू लागलं. तिनं ते कोणाला सांगितलं नाही. किनुयोच्या लक्षात आलं ते टोपलीवरून. भाजीत गवत येऊ लागलं, एकदा भलत्याच झाडाचा कोंब आला. तेव्हापासून किनुयो धुण्याच्या निमित्तानं टोपली मागच्या ओट्यावर न्यायची आणि पानन् पान निवडायची. तोकीला ते कळलं असावं, कारण तिनं मागच्या ओट्याकडे फिरकणं सोडलं. तामोत्सूला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. वन्संना रानातून उठवून घरात बसवायचं म्हणजे त्यांना जिवंतपणी ताटीवर निजवायचं, असं किनुयोला वाटे. म्हणून तीही गप्प राहिली.

त्या वर्षी बर्फ उशिरापर्यंत हटला नाही. अशात एका हॉटेलातून निरोप आला, की तोक्योची काही मंडळी दुपारी येतायत आणि त्यांना फुकुबेरा हवीच आहे. फुकुबेरा ही ओढ्याकाठी सावलीत उगवणारी कोवळी भाजी. पांढरी नाजूक फुलं येतात, पानं कातरलेली. तिच्याच शेजारी जीवघेणा विषारी बचनाग उगवतो, आणि कोवळेपणी त्याचं पान हुबेहूब तसंच असतं. म्हणून तिकडच्या बायका पांढरी कळी दिसल्याखेरीज फुकुबेरा खुडत नाहीत.

"अजून कळ्या धरल्या नसतील," सकाळी चहा पिताना किनुयो म्हणाली.

"हॉटेलवाल्याला मी हो म्हणून बसलोय," तामोत्सू म्हणाला. "ताईला ओढा पाठ आहे. कळी नसली तरी ताई ओळखेल. काय गं ताई?"

तोकीनं पेला खाली ठेवला. "तुला शेंबूड पुसता येत नव्हता तेव्हापासून मी त्या ओढ्यावर जातेय," ती म्हणाली आणि टोपली पाठीला लावून निघाली.

ती परतली तेव्हा किनुयो तोफूच्या पातेल्यात अडकली होती. काड सुटून एक गठ्ठा पाण्यात विरघळला होता, दुसरा बांधायला घेतलेला. तामोत्सूनं बहिणीच्या हातातून टोपली घेतली.

"थांबा, मी धुऊन देते," किनुयो आतून ओरडली.

"ओढ्यावर धुतलीये मी," तोकी म्हणाली.

"ऐकलंस ना? धुतलीये," तामोत्सू हसला. "तू तुझं तोफू बघ. मंडळी येतील इतक्यात."

किनुयोचा हात क्षणभर थांबला. उठावं, टोपली ओढून घ्यावी, असं मनात आलं. पण काय सांगून ओढून घेणार? वन्सं समोर उभ्या होत्या. तिनं काडाची गाठ आवळली आणि कामाला लागली.

गिऱ्हाइकं येण्याआधी दोन घास खाऊन घ्यायची तामोत्सूची रीत होती. त्यानं फुकुबेराचं कढण केलं, वाडगाभर ओतून घेतलं आणि बहिणीलाही थोडं दिलं. दातांमुळे तोकीनं घोट दोन घोट रस्साच प्यायला. तामोत्सूनं वाडगा चाटूनपुसून संपवला, वर म्हणाला, "वर्षभर याच्यासाठी जगतो माणूस."

थोड्या वेळानं तो ओठ चोळू लागला. "अगं, जीभ बधिर झाल्यासारखी वाटतेय."

किनुयोनं वळून पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम होता आणि हात फळीवर काहीतरी चाचपत होता. तिच्या हातातलं पातेलं खाली पडलं. ती आधी चुलीकडे धावली, कढण मोरीत ओतलं आणि मग त्याच्याकडे आली. तो ओकत होता. कोपऱ्यात तोकी पोट धरून वाकली होती आणि "तामो, तामो" एवढंच म्हणत होती.

रुग्णवाहिका आली. गिऱ्हाइकांची गाडी बोळाच्या तोंडाशी थांबली, आणि आत काय झालंय ते पाहून तशीच मागे फिरली. इस्पितळात तामोत्सूचं काळीज कधी धावायचं, कधी थबकायचं. डॉक्टरांनी पराकाष्ठा केली. दिवस मावळायच्या आत तो गेला. तोकी वाचली.

पोलीस आला तेव्हा तोकीला औषधानं झोप लागली होती. खुर्चीवर किनुयो एकटीच होती. पोलीस तरुण होता, त्यालाच अवघडल्यासारखं झालं होतं.

"बाई, ही भाजी कोणी खुडली?"

किनुयोनं पडद्याआडच्या खाटेकडे पाहिलं. पांढऱ्या चादरीखाली तोकी एवढीशी दिसत होती.

"मी," ती म्हणाली.

"ओढ्यावर तुम्ही गेला होतात?"

"हो. कळ्या नव्हत्या. तरी खुडली."

तिला ते पुरतं खोटंही वाटलं नाही. टोपली निवडणं तिचं काम होतं आणि त्या दिवशी तिनं ते केलं नव्हतं. पोलिसानं लिहून घेतलं. तिला पुढे बरेचदा बोलावलं, समज दिली. बाहेरच्या कोणी खाल्लं नव्हतं, घरातलाच माणूस गेला होता, म्हणून तिला कोठडीत जावं लागलं नाही. खाणावळ मात्र बंद झाली.

तोकी घरी आली तोवर सगळ्या गावाला कळून चुकलं होतं, की किनुयोनं बचनाग खुडून आणला आणि नवऱ्याला घातला. तोकीनं ते बोळात ऐकलं. घरी येऊन ती तामोत्सूच्या फोटोसमोर बसली. किनुयोनं तिच्यापुढे भाताची पेज ठेवली. दोघी एकमेकींकडे बघेनात.

"वन्सं, खाऊन घ्या."

तोकीनं चमचा उचलला. त्या भाजीबद्दल बोलली काहीच नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, त्या वर्षीही नाही.

सकाळच्या बाजारात नदीकाठी किनुयो लोणची विकायला बसू लागली. पण तिच्याकडून घेणार कोण? शेजारची सफरचंदवाली एकदा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "परगावच्या लोकांना आधी सांगत जा गं बाई, कुणाच्या हातचं आहे ते."

किनुयोनं बरण्या आवरल्या. पुन्हा ती बाजारात बसली नाही. डोंगरापलीकडच्या एका लोणच्याच्या कारखान्यात सलगम धुवायला जाऊ लागली. तिथं तिला कोणी ओळखत नव्हतं.

मुलगा नोरिहिसा नागोयात असे. वर्षश्राद्धाला आला तो बाहेरून डबे घेऊन. "तुला त्रास नको म्हणून," तो म्हणाला. चुलीवर किनुयोनं सकाळपासून रांधलेलं तसंच झाकून राहिलं. आईला कष्ट नकोत म्हणून डबे आणलेला मुलगा आणि आईच्या हातचं खायला धजत नाही तो मुलगा, यातला फरक तिला कळत होता. तिनं त्याचा डबा उघडून दिला, जेवायच्या काड्यांचं वेष्टण काढून दिलं.

पुढच्या वर्षीच्या श्राद्धालाही डबे आले. मठातले भिक्षू पठण करून गेले. नोरिहिसा, किनुयो आणि तोकी चटईवर बसली. तोकीला आता समोरचा डबाही नीट दिसत नव्हता. तिनं बोटांनी तो चाचपला, कागद आहे हे ओळखलं आणि दूर सारला.

"तुझ्या आईनं केलेलं वाढ मला," ती म्हणाली.

"आत्या, हे चांगलं आहे. स्टेशनजवळच्या मोठ्या दुकानातलं—"

"नोरि, ती भाजी मी खुडली होती."

किनुयोनं किटली खाली ठेवली. तोकी समोर बघत बोलत राहिली. "मला दिसत नव्हतं. दोन वर्षं आधीपासून दिसत नव्हतं. तुझी आई त्या दिवशी घराबाहेर पडली नव्हती."

नोरिहिसानं आईकडे पाहिलं, मग आत्याकडे. त्याचा चेहरा लाल झाला. पण बोलला तो आईशीच.

"म्हातारीला हे बोलायला तू लावलंस?"

"नाही रे," किनुयो म्हणाली.

"तिला दिसत नाही, ती तुझ्या जिवावर जगतेय. तू म्हणशील ते म्हणेल. बाबा गेले ते गेले, पण हे... हे तरी नको होतं आई."

तोकी ओरडली, "अरे मेल्या, मी सांगतेय ना!" ती उठायला गेली आणि तिचा तोल गेला. किनुयोनं तिला सावरलं. नोरिहिसा दुपारच्या गाडीनं परत गेला.

तो गेल्यावर किनुयोनं तोकीपुढचा डबा उचलला.

"तेव्हाच का नाही बोललात?" किनुयोनं विचारलं. आवाजात राग नव्हता.

"तू मला शिव्या देशील, म्हणून वाट बघत होते," तोकी म्हणाली. "एकदा जरी म्हणाली असतीस ना, की म्हातारे, तू माझा नवरा मारलास... तर मी सरळ चौकीवर गेले असते. तू पेज वाढत राहिलीस."

"माझ्याकडून निवडायची राहिली होती, वन्सं."

"गप बस," तोकी म्हणाली आणि तोंडावर पदरासारखी बाही ओढून रडू लागली. जवळजवळ सगळं आयुष्य एका घरात काढलं, पण किनुयोनं तिला रडताना पहिल्यांदाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तोकीनं चौकीवर जायचा हट्ट धरला. किनुयो तिला हाताला धरून घेऊन गेली. तिथल्या माणसानं आदरानं ऐकून घेतलं, चहा दिला, आणि प्रकरण मिटलंय, आजी, आता मनाला लावून घेऊ नका, असं सांगून दारापर्यंत सोडलं. त्यानंतर तिचं खाणं कमी होत गेलं. हिरवं काही तर ती ताटात येऊच देईना. दुसऱ्या शरदात, रानचाफ्याची पानं गळायच्या सुमारास, ती गेली. शेवटच्या दिवसांत ती किनुयोला "तामो" म्हणायची, आणि किनुयो "ओ" द्यायची.

अंत्यसंस्काराला नोरिहिसा आला. अस्थी वेचून झाल्यावर, घरी परतताना, नदीच्या पुलावर किनुयो थांबली.

"नोरि, आत्या खरं बोलत होत्या."

तो चार पावलं पुढे गेला होता, तिथंच थांबला.

"भाजी त्यांनी खुडली. मी निवडली नाही. पोलिसाला मी माझं नाव सांगितलं. त्या ऐकून मेल्या असत्या, म्हणून."

नोरिहिसा कठड्याला धरून उभा राहिला. बोलला तेव्हा त्याचा आवाज ओळखू येत नव्हता.

"म्हणजे मी इतकी वर्षं उगाच तुला... आणि तू मला तसं करू दिलंस? मी डबे आणले तेव्हा तू ते उघडून दिलेस, आई. एक शब्द बोलली नाहीस. पोलिसाला खोटं सांगितलंस ते सांगितलंस. मला तरी?"

"तू आत्याला बोलला असतास."

"हो, बोललो असतो! बोललोच असतो! माझा बाप गेला होता!"

पुलावरून जाणारी प्रवासी मंडळी थबकून बघू लागली. किनुयोनं त्याच्या बाहीला हात लावला. तो त्यानं झिडकारला नाही, पण धरलाही नाही. आत्याच्या अस्थी घरी ठेवून तो निघाला. जेवणाचा विषय दोघांनीही काढला नाही.

खाणावळीची फळी किनुयोनं पुढे एका जोडप्याला भाड्यानं दिली. ती दोघं कॉफी विकतात. ती मागच्या खोलीत राहते, कारखान्यात जाते. वसंतात कुणी चुकून दारात येऊन फुकुबेरा आहे का विचारलं, तर नाही म्हणते आणि दार लावून घेते.

तोकी गेल्यानंतरच्या हिवाळ्यात बर्फ फार पडला. एका दुपारी फोन वाजला.

"छपरावरचा बर्फ काढला का?" पलीकडून नोरिहिसा विचारत होता.

"काढला."

"कोणी?"

"पुढच्या कॉफीवाल्या पोरानं. मी खाली उभी होते."

"वर चढू नकोस."

"नाही चढत."

तिला त्याच्या श्वासाचा आवाज येत होता. "बरं," तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. त्यानंतर डोंगरात जोराचा बर्फ पडल्याचं बातम्यांत आलं, की तो फोन करतो आणि तेवढंच विचारतो. किनुयो तेवढंच सांगते.