न फाटणारा मांडा

धुळ्याच्या देवपुरात लीलाधर सर आमचे शेजारी. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात, म्हणून गल्लीने सुरुवातीलाच बंद पडलेला इन्व्हर्टर त्यांच्या दारात नेऊन ठेवला. सरांनी हात टेकले. त्यांचं सगळं काम कागदावरचं. पेशीभोवतीचं मऊ, पातळ आवरण ताणलं तर कुठवर टिकतं, कधी फाटतं, याची गणितं. त्यावर बोलायला गावात दुसरा माणूस नाही. लग्नही राहूनच गेलं. आम्ही त्यांना मागे हसायचो, आता त्याची लाज वाटते.

"भाऊ, तू नेमकं काय करस रे?" असं त्यांना फक्त त्यांच्या आईने, वच्छलाअक्काने, विचारलं. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा दिवस होता. अक्का अंगणातल्या चुलीपुढे पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत ताणत होती आणि उलट्या खापरावर अलगद टाकत होती. सर म्हणाले, "हेच. हा मांडा फाटत का नाही, ते शोधतो." अक्का पदर तोंडाला लावून हसली. पुढे परदेशात छापलेल्या एका निबंधाच्या शेवटी सरांनी आभार मानले, 'माझ्या आईचे, जिचा मांडा कधी फाटला नाही.'

अक्का गेल्या पावसाळ्यात गेली. या आखाजीला पितरांच्या पूजेत तिच्या नावाची पाण्याची घागर पहिल्यांदाच भरायची होती. नैवेद्याचा मांडा मीच करणार, असा सरांनी हट्ट धरला. माझ्या बायकोने, सुमनने, कणीक भिजवून दिली. पहिला मांडा फाटला. दुसराही फाटला. सातव्याचीही तीच गत झाली आणि पुरण संपलं. हात पिठाने भरलेले, सर तिथेच रडायला लागले.

"आईला एक धड मांडा देता येत नाही मला."

सुमन म्हणाली, "सर, अक्काना बी फाटेत. धड मांडा तुमना ताटमा वाढेत, फाटेल चुल्हापान बठीसन सोता खायेत."

 चाळीस वर्षं सरांनी फक्त ताटात आलेले मांडे पाहिले होते.

"एकटीच?"

"मंग! तुम्ही तं जेवीसन लगेच लिखाले बठी जायेत."

सरांनी विस्तवावर आगारी, पितरांचा घास, टाकली, ती फाटक्या मांड्याचीच. सुमनने ताट आणू का विचारलं, तर मानेनेच नको म्हणाले. जिथे आईला जेवताना त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं, त्या चुलीपाशी उरलेले तुकडे घेऊन एकटेच खात बसले.