सरांचा न पोचलेला आवाज

लातूरच्या एका वैमानिक प्रशिक्षण केंद्रात मी रेडिओ अभियंता म्हणून मुलाखतीला गेले, तेव्हा कॅप्टन नागनाथ बिरादार सरांना पहिल्यांदा भेटले. सर तिथले मुख्य प्रशिक्षक. माझी प्रमाणपत्रं बाजूला सारून त्यांनी विचारलं, "वडील काय करतात?" मी म्हटलं, "गोलाईच्या बाजारात रेडिओदुरुस्तीचं दुकान आहे." त्यांनी बंद पडलेला एक हेडफोन पुढे केला. बोलता बोलता मी तो सुरू करून दिला. सर खूश झाले. "सोमवारपासून या, रुखसाना बेटा."

सरांनी मराठवाड्यातल्या किती मुलामुलींना आकाशात नेलं, ते या गौरवग्रंथात इतरांनी लिहिलं आहेच. किल्लारी, रेणापूर, उदगीरकडची मुलं इंग्रजीला बिचकत. सर त्यांना सकाळी धावपट्टीच्या कडेला उभं करून म्हणत, "इंग्रजी मागून. आधी आभाळात काय दिसायलंय ते आपल्या बोलीत सांग." रमजानमध्ये मला इफ्तारला घरी पोचता यावं म्हणून संध्याकाळी माझ्या जागी रेडिओवर ते स्वतः बसत आणि कुणाला त्याची वाच्यताही करत नसत.

एवढं लिहून मी सरांना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, "अश्विनीचं लिहिलं का?"

"गौरवग्रंथात ते कसं लिहू, सर?"

"मग माझ्यावर लिहूच नका. ते गाळलं तर बाकीचं समदं खोटं पडतंय."

म्हणून लिहिते आहे. वडीलधाऱ्या माणसाच्या सत्काराच्या दिवशी त्यांची चूक मांडताना हात अवघडतो. पण आज्ञा त्यांचीच आहे.

आमच्या प्रत्येक विमानात अडचणीच्या वेळेसाठी हातात धरायचा एक छोटा रेडिओ असे. विमानाची वीज गेली तरी तो स्वतःच्या बॅटरीवर चालतो. पण त्याची रबरी अँटेना विमानाच्या आत राहते आणि भोवतीच्या पत्र्यामुळे आवाज फार लांब जात नाही. विमानाच्या छतावर मोठी अँटेना असतेच. तिच्या केबलला एक जोड काढून ठेवला, की गरज पडताच हा छोटा रेडिओ त्या अँटेनाला जोडता येतो. तसा जोड सगळ्या विमानांत बसवावा, असं मी बैठकीत सुचवलं.

सरांनी विद्यार्थ्यांसमोर हसून म्हटलं, "रेडिओ हाय ना हातात? लई झालं. दुकान घरी ठेवून येत जा, बेटा." सगळे हसले. विषय तिथेच संपला.

त्या हिवाळ्यात एका संध्याकाळी सर नांदेडहून एकटेच विमान घेऊन परतत होते. वाटेत वीज तयार करणारा अल्टरनेटर बंद पडला, बॅटरी उतरली आणि विमानाचा रेडिओ मुका झाला. सरांनी पिशवीतून छोटा रेडिओ काढला. आपण सरळ धावपट्टीकडे येत आहोत, हे त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. उत्तर आलं नाही. पण आपलं बोलणं खाली ऐकू गेलं असणार, असं ते धरून चालले.

खाली रेडिओवर मी होते. मला नुसती खरखर ऐकू येत होती. आमची विद्यार्थिनी, निलंग्याची अश्विनी तेव्हा एकटीने सराव करत होती आणि उतरण्यासाठी वळत होती. क्षितिजावर धुरकं, समोर मावळता सूर्य. मी खिडकीतून पाहिलं, तर एकाच रेषेत दोन विमानं. अश्विनीचं वर, सरांचं खाली. विमानाचंच अंग आड येत असल्याने दोघांनाही एकमेकांचं विमान दिसणं शक्य नव्हतं.

"अश्विनी, उतरू नकोस! वर घे, उजवीकडे वळ!"

पोरीने का म्हणून विचारलं नाही. विमान वर घेतलं.

सर नेहमीसारखे उतरले, हँगरपाशी आले, आणि आमचे चेहरे पाहून थबकले. काय झालं ते कळल्यावर तिथल्याच पायरीवर बसले. "पोरगी कुठं हाय?" एवढंच बोलले. ती सुखरूप उतरेपर्यंत त्यांनी आभाळावरची नजर काढली नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच विद्यार्थ्यांसमोर सरांनी माझ्यापुढे हात जोडले. "यांनी सांगितलं होतं. मी हसण्यावारी नेलं." वडिलांच्या वयाचा माणूस समोर वाकलेला पाहून मला शरमेने वर बघवेना. मी म्हटलं, "सर, नका." ते म्हणाले, "अजून झालं न्हाई. निलंग्याला चला माझ्यासंगं."

अश्विनीच्या घरी ओसरीवर सर सतरंजीच्या कडेला बसले. काहीही न लपवता सगळं सांगून म्हणाले, "तुमच्या लेकीच्या जिवावर बेतलं होतं. चूक माझी हाय." आई दारात उभी होती. ती म्हणाली, "तुमी सांगाया आलाव, ते बरं केलाव. पर माझ्या मनातनं जायचं न्हाई हे."

"हाव, बाई. जाऊ बी नये."

"पोरगी उडंल. तिला मी अडवणार न्हाई. आधी ती तार बसवा."

पुढे परवानगीच्या कागदपत्रांमागे ते स्वतः धावले आणि जोड बसेपर्यंत एकही विद्यार्थी एकटा वर गेला नाही. जोड बसल्यावर सर स्वतः दूर नांदेडच्या दिशेने गेले, छोटा रेडिओ केबलला लावला आणि बोलले. आवाज स्वच्छ आला. मी तसं कळवलं. पलीकडून सर म्हणाले, "ऐकलं."

तेव्हापासून प्रत्येक नव्या तुकडीला पहिल्याच दिवशी सर ही हकीकत सांगतात. सांगताना मान खालीच असते. पाया पडायला आलेली मुलं गोंधळतात. "आता पुरे, सर," असं आम्ही अनेकदा म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही.

अश्विनी आज मोठी विमानं चालवते आणि सुट्टीत आली की आधी सरांना भेटते. तिच्या आईंना सत्काराचं निमंत्रण द्यायला मी गेले होते. त्यांनी चहा दिला, पण येणार नाही म्हणाल्या. ते सरांना सांगितलं, तर म्हणाले, "बरोबर हाय त्यांचं."

सरांची नजर, पाय आणि कान असेच धडधाकट राहोत आणि आम्हाला त्यांची शंभरी साजरी करण्याचं भाग्य मिळो. अल्लाहकडे माझं आणखी एक मागणं आहे. त्या शंभरीच्या आत कधीतरी निलंग्याच्या त्या घरून सरांना आपणहून बोलावणं यावं.