एकट्याला न करमणारं कुत्रं

टोमॅटोच्या क्रेटचा आंबूस वास आला की मला आमचं कुत्रं आठवतं. मी माल घेऊन नारायणगावला निघालो की ते घरी एकटं पडायचं आणि दिवसभर रडायचं. एकदा शेजाऱ्यानं दगड घालून त्याचा पाय मोडला. "लई अपशकुनी रडतंय," म्हणाला. मी भांडलो नाही. दुसऱ्या दिवसापासून कुत्र्याला पिकअपमध्ये घालून मार्केटला न्यायला लागलो. त्याचं रडणं थांबलं, पण बिबट्याची चाहूल देणारं वस्तीवर तेवढंच होतं. आठवड्याभरात भरदुपारी उसातून बिबट्या आला आणि शेजाऱ्याची शेळी घेऊन गेला. "भाऊ, कुत्रं घरी ठेवा की," तो हात जोडून म्हणाला. "त्याला एकट्याला करमत न्हाई," मी म्हणालो. शेळी गाभण होती. तरी ते उत्तर आठवलं की मला अजून बरं वाटतं.