वितीचं माप

बैलांचे साज विकणाऱ्या त्या म्हाताऱ्या बाबांना काही विचारलं, की ते आधी हातातली गाठ पुरी करायचे आणि मगच बोलायचे. बैलाच्या गळ्याचं माप ते दोरीनं कधी घेत नसत. वितीनं घेत, आणि मोजताना बैलाशीच बोलत.

कामरगावच्या मैदानात पहिल्यांदाच ट्रॅक्टर दाखवायला आणणार होते. तिथेच बाबांनी पाल ठोकलं. कासरे, घुंगरमाळा टांगायला मी मदत करत होतो.

"बाबा, ट्रॅक्टर पाहायला आलेले लोक बैलाचा साज कशाला घेतील?"

त्यांनी गाठ पुरी केली. "पाहू ना, मास्तर."

तेवढ्यात ट्रॅक्टर आला. ते उठले, त्याला हळूच थोपटलं, वितीनं मापलं आणि पालातली सगळ्यांत मोठी घुंगरमाळ त्याच्या पुढच्या दोन दिव्यांना बांधली.

"कामाचं जनावर हाये. मोकळ्या गळ्यानं गावात फिरवू नये."

ट्रॅक्टर सुरू झाला. त्या धडधडाटात घुंगरं कुणालाच ऐकू येईनात. मलाच ओशाळल्यासारखं झालं.

ते मात्र कानामागे हात धरून त्याच्या बाजूनं चालत होते.

"वाजून राह्यली," ते म्हणाले.