गौतमच्या पेपरातलं माझं उत्तर

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही — आणि माझ्या सगळ्या लेखांची प्रुफं तीच तपासते. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही.

लोक विचारतात, बातमीदार होतात, मग तत्त्वज्ञान शिकवलंत, मग कायदा, आता अपंगांच्या हक्कांवर लिहिता — हे कसं झालं? मी सामाजिक जाणीव वगैरे सांगतो. खरं कारण हिंगोलीतल्या एका परीक्षेच्या हॉलमध्ये आहे.

आणीबाणीच्या आधीची गोष्ट. डोंगरकडा गावचा माझा मित्र गौतम जन्मापासून अंध. वकिलीच्या शेवटच्या वर्षाला होता. पास झाला की एक वकीलसाहेब त्याला हाताखाली घेणार होते. पेपरात तो सांगायचा, मी लिहायचो. लेखनिक कायद्याचा विद्यार्थी नसावा, असा नियम, म्हणून मी. तत्त्वज्ञानाचा एम.ए., शिवाय साप्ताहिकाचा बातमीदार — म्हणजे दुसऱ्याचा मजकूर सुधारायची खोड.

प्रश्न आला अल्पवयीन मुलानं केलेल्या कराराचा. गौतम म्हणाला, असा करार मुळातच रद्द. मला वाटलं, बिचारा गोंधळला. सतरा वर्षांच्या पोराला काही मतच नाही? मी लिहिलं — करार पाळायचा की नाही, ते मोठा झाल्यावर त्यानं ठरवावं. झकास लिहिलं.

"एवढं काय लिहून राहिला बे?" गौतमनं विचारलं.

अक्षर नीट काढतोय, म्हटलं. पुढच्या आणखी काही उत्तरांवरही माझी कृपा झाली.

गौतम त्या पेपरात नापास. वकीलसाहेबांनी दुसरा माणूस घेतला.

मग मी काय केलं — कबूल केलं? छे. साप्ताहिकात लेख लिहिला: परीक्षक अंधांना कमी लेखतात. लेख गाजला. व्याख्यानांची बोलावणी आली. विषय निभवायला कायदा शिकणं भाग पडलं, तेव्हा पुस्तकात वाचलं की गौतमचं उत्तर बरोबर होतं. त्या प्रकरणात त्याला कमी लेखणारा माणूस एकच होता, आणि लेखावर त्याचं नाव ठळक छापलं होतं.

लेख छापून आला त्या आठवड्यात गौतम एसटीनं मला भेटायला आला. त्यानं तो घरच्यांकडून वाचून घेतला होता.

"माझ्यासाठी तू सगळ्यांशी भांडून राहिला," तो म्हणाला. "पण खरं सांगू का — मीच चुकलो असन. सांगताना गडबड होते माझी."

माझा चेहरा पडला. त्याला तो दिसणार नव्हता, हे मला पक्कं माहीत होतं.

"व्हय," मी म्हणालो. "पुढच्या वेळी जरा हळू सांग."