बाकावरच्या टिकल्या

ही गोष्ट माझ्या नवऱ्याला माहीत नाही. आईला नाही. ज्या मैत्रिणीला मी ‘तुझ्यापासून काही लपवत नाही’ म्हणते, तिलाही नाही. सात वर्षं झाली. लिहायला बसले की मी आधी चहा करते, मग कपडे वाळत घालते, मग फोन बघते — आणि दिवस जातो. आजही चहा झाला, कपडेही झाले. आता लिहिते.

तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसाला मी हे सांगू शकले नसते — प्रयत्न केलाय, दोनदा. दोन्ही वेळा भलतंच काहीतरी सांगून मोकळी झाले.

मी भूमकडची. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. आमच्या घराण्यात कॉलेज पूर्ण करणारी मी पहिली. सिव्हिलची पदवी घेऊन नवी मुंबईत नोकरी लागली, तेव्हा वडिलांनी दुकानाचं शटर ओढून गल्लीभर पेढे वाटले होते. नोकरी एका खाजगी सल्लागार कंपनीत. पालिकेसाठी बागा, मैदानं, खेळाच्या जागा यांचे आराखडे करायचे. लोकांना काय हवं ते विचारायचं, खर्चाचा अंदाज काढायचा, कुठल्या निधीत काय बसतं ते मांडायचं. मला हे काम फार मोठं वाटायचं. अजूनही वाटतं. म्हणून तर —

थांबा, क्रमानं सांगते.

घणसोली गावात मी भाड्यानं राहायचे. नव्या टॉवरांच्या पायथ्याशी दाटीनं उभी असलेली जुनी घरं, त्यातल्या एका घराच्या माडीवरची खोली. घर चांगुणाबायचं. पासष्टीच्या, नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. त्यांची भातशेती शहरात गेली, मुलांनी घरावर मजले चढवले. मी त्यांना काकी म्हणायचे. रविवारी भाकरी आणि सुकटीची चटणी घेऊन त्या जिना चढायच्या. गुडघे धरून, प्रत्येक पायरीला माझ्या नावानं बोटं मोडत. “वालून कवरीशी झालीस गो! तुजे आईस काय सांगू मी?” साखरेचा आजार होता त्यांना. डॉक्टरनं रोज चालायला सांगितलं होतं. चालायला जागा नव्हती.

आणि गावाला लागून असलेल्या भूखंडावर बाग करायचं काम आमच्याच कंपनीकडे आलं. माझं पहिलं काम. साहेब म्हणाले, बायकांना वेगळं बसवून विचार, पुरुषांसमोर त्या बोलत नाहीत. भला माणूस. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढं तुम्हाला वाटेल की साहेबांनीच काही केलं असेल. त्यांनी काही केलं नाही.

पद्धत सोपी होती. एका मोठ्या कागदावर चित्रं — झोपाळा, झाडं, बाक, दिवा, चालायची वाट, व्यायामाची यंत्रं. बायकांनी हव्या त्या चित्रावर रंगीत स्टिकर लावायचा. एका बाईला एकच. देवळाच्या ओट्यावर दुपारी चौदा जणी जमल्या, आणि माझ्या लक्षात आलं की स्टिकर मी ऑफिसातच विसरलेय. काकींच्या सुनेनं, निशानं, घरातून टिकल्यांची पाकिटं आणली. लाल, गोल.

“कपालाची टिकली कागदाला लावताव आज,” एक जण म्हणाली. “आयुष्य कोनाचा वारंल, नवऱ्याचा का बागेचा?”

“बागेचाच वारूं दे. नवरा काय, हाय तो हायच.”

मग काकी पुढं आल्या. “माज्या कपालाला चालत नाय. कागदाला चालंल ना गो?”

“चालेल की, काकी.”

“मंग दे एक. बारा वर्सांनी हातान घेतंय.”

टिकली बोटाच्या टोकावर धरून त्यांनी कागद वरपासून खालपर्यंत बघितला. मला वाटलं त्या दिवा निवडतील. त्या म्हणाल्या, “या सगल्या चित्रांन एक नाय.”

“कुठलं?”

ओट्यावर एकही पुरुष नव्हता, तरी त्यांनी आवाज खाली आणला. “बाय मानसाला चालता चालता लागली तं जायाचा कुठं? मना साखर. घरी-घरीला, सारकी लागतं. पयले खारीकडं जायाचो, झारी-झुडपा होती. आता चारी बाजूंनी टावर. वरशी बगतान.”

“तुला कोन बगतंय गो आता, दुर्बीन लावून?” मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्या खिदळल्या. काकी पण. मग हसू विरलं. काकींनी कागदाच्या तळाशी, चित्रं संपतात तिथल्या कोऱ्या जागेवर टिकली दाबून बसवली. “ही, जी नाय तिची.”

“माजी पन तिथंच,” दुसरी म्हणाली. मग तिसरी. चौदापैकी अकरा टिकल्या कोऱ्या जागेवर लागल्या. मी कागद गुंडाळत होते तेव्हा काकींनी माझं मनगट धरलं. “तू सांगशील ना तिथं? आमच्या तोंडाशी बाप्यांसमोर निघाचा नाय.”

मी म्हणाले, सांगेन.

आणि मी खरंच सांगणार होते. म्हणजे — असं मला आठवतंय. आठवण आपल्या बाजूनं साक्ष देते, नाही का? तेव्हा त्यावर फार विसंबू नका.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता सादरीकरण. पालिकेचे अभियंते, ठेकेदार, वॉर्डातले दोन पुढारी, आमचे साहेब. दहा-अकरा पुरुष आणि मी. सकाळपासून मी मनातल्या मनात वाक्य म्हणून बघत होते. ‘महिलांची मुख्य मागणी स्वच्छतागृहाची आहे.’ सरळ वाक्य आहे. रस्त्यावरच्या पाटीवर असतो तो शब्द. पण मी म्हणायला लागले की मला ते दहा चेहरे दिसायचे. कागदावर हे चित्रच नाही, मग या टिकल्या कशाच्या, असं कुणीतरी विचारणार. मग मला समजावून सांगावं लागणार — बायकांना लागते, वरून दिसतं, आडोसा नाही. ते ऐकताना ते माझ्याकडे बघणार. माझ्या पहिल्याच सादरीकरणात मी ‘ती’ गोष्ट बोललेली मुलगी होणार. एवढंच. याहून मोठं काही नव्हतं हो.

पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आले की मलनिस्सारण वाहिनी जोडायची म्हणजे दुसऱ्या विभागाची परवानगी, मार्चअखेर निधी परत गेला असता, बागच झाली नसती. हे सगळं मी नंतर रचलं. त्या सकाळी माझ्या डोक्यात वाहिनी नव्हती.

जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेले. मी कागद टेबलावर पसरला. नखानं पहिली टिकली उचलली — ती सहज निघाली, काकींची असावी, कारण सगळ्यात तळाशी होती — आणि बाकाच्या चित्रावर लावली. मग दुसरी. काहींचा चिकटपणा गेला होता, त्यांना डिंक लावला. अकरा टिकल्या. बाकाचं चित्र भरून गेलं. बाकच का निवडला, असं मला कुणी विचारलं तर? सगळ्यात जवळ तेच होतं. कोऱ्या जागेवर लालसर ठिपके राहिले होते, ते मी खोडरबरानं पुसले. पाच मिनिटंही लागली नाहीत. मग मी डबा खाल्ला. हे मला नीट आठवतं, मी डबा खाल्ला.

सादरीकरणात कागद भिंतीवर लावला. एक पुढारी हसून म्हणाला, “बायकांना काय, बाक दिला की गप्पा चालू!” सगळे हसले. मीही हसले.

साहेब मात्र हसले नाहीत. कागदाजवळ गेले, चष्मा वर करून बघत राहिले. ते वळून म्हणाले, “एवढ्या जणी होत्या, टॉयलेट एकीनंही मागितलं नाही? आश्चर्य आहे. तू विचारलं होतंस ना?”

कळतंय तुम्हाला? दार उघडं होतं. त्यांनी स्वतः तो शब्द उच्चारला होता. मला फक्त ‘मागितलं, सर’ म्हणायचं होतं.

मी म्हणाले, “विचारलं सर. गाव जवळच आहे, त्या घरी जातात.”

बाकं मंजूर झाली. भरपूर. माझ्या अहवालातला ‘महिलांचा सहभाग’ हा भाग वरच्या साहेबांना एवढा आवडला, की तो पुढच्या तीन बागांसाठी नमुना म्हणून वापरला गेला. मला बढती मिळाली. आणि निधीतून थोडी रक्कम उरली — हो, उरली. तिच्यातून दाराशी गावाच्या नावाची मोठी इंग्रजी अक्षरं उभी केली, मधे लाल बदाम. फोटो काढायला.

काम चालू असताना काकी अधूनमधून विचारायच्या, “तां घेतलंस ना गो त्यांत?” मी म्हणायचे, होईल काकी. त्यांचा चेहरा उजळायचा. शेजारणीला सांगायच्या, माझी माडीवरची पोरगी बाप्यांसमोर बोलली.

उद्घाटन संध्याकाळी पाचला होतं. महिला प्रतिनिधी म्हणून पुढच्या बाकावर काकींना बसवायची कल्पना माझीच. नवं लुगडं नेसून, गळ्यात सोन्याचं घालून त्या आल्या. पाहुणे उशिरा आले. मग भाषणं. दुसऱ्या भाषणाच्या मध्येच त्यांनी मला बोटानं जवळ बोलावलं.

“कुठं हाय गो तां?”

मी म्हणाले — हो, म्हणाले — “पलीकडं आहे काकी. कुलूप आहे अजून. चावी मागवते.”

“बेगीन मागव.”

घर सात-आठ मिनिटांवर होतं. ‘काकी, नाहीये ते, चला, मी घरी सोडते,’ असं म्हटलं असतं तर त्या वेळेत पोचल्या असत्या. मी चावीचं बोलल्यामुळे त्या बसून राहिल्या. आणि मी? मी मंचाच्या मागं जाऊन उभी राहिले. तिथून त्या मला दिसत होत्या. त्या मान वळवून मला शोधत होत्या, आणि मी हारांच्या टोपलीजवळ काहीतरी काम असल्यासारखी वाकत होते. दोन भाषणं. मग आभार.

आभार चालू असताना निशा एकदम उठली. हातातली पाण्याची बाटली उघडी करून तिनं सासूच्या मांडीवर रिकामी केली, बाकावर, खाली फरशीवर — आणि मोठ्यानं ओरडली, “अगो बाय! माज्या हाताशी सगला पानी सांडला! माजं लक्षच नाय!”

लोक वळून बघायला लागले. कुणी हसलं. कुणी म्हणालं, सासूला आंघोळच घातली की सुनेनं. निशा माफी मागत राहिली, ओल्या लुगड्यासकट काकींना उठवून घेऊन गेली. जाताना तिनं मंचाकडे एकदा बघितलं. तिला मी दिसले. काकी मान खाली घालून चालत होत्या, गळ्यातलं सोनं हातात धरून.

मी त्या रात्री उशिरा घरी गेले, भेट होऊ नये म्हणून. पण दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात गाठ पडलीच. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, “चावीवाला नाय आला, त्याला तू काय करशील? तू मनाला लावून घेव नको.”

मी मान हलवली.

त्या परत कधी त्या बागेत गेल्या नाहीत. चालणं सुटलं. पाय सुजायला लागले, आणि त्या दारातल्या खुर्चीवर बसू लागल्या. निशानं माझ्याशी बोलणं तोडलं, भाकरी मात्र रविवारी येतच राहिली, कारण ती पाठवणाऱ्या काकी होत्या. मी तीन महिन्यांनी खोली सोडली. ऑफिस लांब पडतं म्हणाले. पडत नव्हतं.

हे आजच का लिहितेय? गेल्या महिन्यात माझ्या शाळेनं सत्काराला बोलावलं होतं. वडील पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात. मी मुलींना हीच गोष्ट सांगितली — टिकल्यांचा कागद, ओट्यावरच्या बायका, ‘माझ्या कपाळाला चालत नाही, कागदाला चालेल ना’. मी ही गोष्ट बऱ्याच ठिकाणी सांगते, लोकांना फार आवडते. सांगता सांगता मला तिची सवय झालीय. आठवीतली एक मुलगी उठली. “मॅडम, मग त्यांनी काय मागितलं?”

मी म्हणाले, “बाकं.”

टाळ्या पडल्या. वडीलही वाजवत होते.

त्यांनी बाकं मागितली नव्हती. चौदातल्या अकरा जणींनी मुतारी मागितली होती, आणि ती मागणी मी माझ्या नखानं उचलून काढली. तिथं आजही मुतारी नाही. मी नंतर केलेल्या तीन बागांतही नाही, कारण नमुन्यात नव्हती.

चांगुणाबाय आहेत अजून. दारातल्या खुर्चीवर असतात म्हणे. मी आता उलव्याला राहते. तिथून घणसोली फार लांब नाही. मी गेलेले नाही.